व्हिसा लागत नाही, म्हणजे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे घरात कसलाही छापील कागद आला, मग तो वीजबिलाचा असो की पतसंस्थेच्या नोटिशीचा, तो वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेले कागद जरा निराळे होते. ताईचे यजमान मलेशियात क्वालालंपूर येथे नोकरीला आहेत. ताईला मुलगा झाला आणि दाजींचा निरोप आला, "आई-अण्णांना महिनाभर पाठवा. व्हिसा लागत नाही."

हे ऐकून घरात आनंद व्हावा, तर आईने डोळ्याला पदर लावला. कारण वर्षापूर्वी आमच्या थोरल्या मामालाही असेच कोणी तरी सांगितले होते, "व्हिसा लागत नाही." त्या शब्दांवर विश्वासून मामा पूर्वेकडील एका देशात गेला (तो देश मलेशिया नव्हे) आणि तिसऱ्या दिवशी त्याच कपड्यांवर परत आला. त्या देशाची माती त्याच्या चपलेला लागली नाही. विमानतळाच्या एका खोलीत बाकावर त्याने रात्र काढली, एवढाच काय तो परदेश त्याने पाहिला.

"तिकीट काढलंय, पासपोर्ट हाय, व्हिसा लागत न्हाई. मग आत का घेत न्हाईत?" हा अण्णांचा प्रश्न. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. सार्वभौमत्वाची व्याख्या मी परीक्षेत लिहून आले होते, पण अण्णांच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. ते शोधताना जे वाचले, विचारले आणि घरात घडले, ते येथे मांडते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून कोणी ना कोणी बाहेर जाऊ पाहत आहे, म्हणून हा खटाटोप.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हिसा म्हणजे आत येण्याचा हक्क, अशी आपली समजूत असते. वास्तविक व्हिसा ही दारापर्यंत येण्याची आधी घेतलेली अनुमती आहे. आत घ्यायचे की नाही, हे दारातला अधिकारी ठरवतो. व्हिसा माफ केला याचा अर्थ आधीची चौकशी माफ झाली, दारातली नव्हे. उलट आधी कोणीच काही विचारलेले नसल्यामुळे सगळी चौकशी त्या काचेच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटांत उरकली जाते. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा दिसला म्हणून कोणी थेट माजघरात शिरत नाही, तसेच हे आहे.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचे कलम १३ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. कोणाही माणसाला कोणताही देश, स्वतःचा देशसुद्धा, सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. दुसऱ्याच्या देशात प्रवेश करण्याचा हक्क मात्र त्यात कोठेही नाही. जाण्याचा हक्क आहे, पण पोहोचण्याचा नाही! आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सॉहनी यांच्या खटल्यात परदेशप्रवास हा घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात हे तत्त्व अधिक बळकट झाले. पण हे सारे आपल्या सरकारने आपल्याला अडवण्यासंबंधी आहे. परक्या सरकारच्या दारात आपली घटना चालत नाही. आणि आपणही परक्यांना याच न्यायाने वागवतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आपल्या नव्या कायद्यानेही परकीयांना प्रवेश नाकारण्याचा अधिकार आपल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांना दिला आहे.

आता मलेशियाचे पाहू. भारतीयांना तेथे १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी मिळाली आणि तिची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. ही सवलत सहल, भेटीगाठी यांसाठी आहे, नोकरीसाठी नव्हे. तेथील इमिग्रेशनचा कायदा १९५९/६३ चा आहे. त्याच्या कलम ८ मध्ये ज्यांना आत घेऊ नये अशा लोकांची यादी आहे. त्या यादीत अगदी आरंभी कोण असावा? गुन्हेगार नव्हे. ज्याला स्वतःच्या निर्वाहाचे साधन दाखवता येत नाही असा माणूस! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. कारण खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या अण्णांच्या अंगावर धुवट सदरा आणि हातावर खुरप्याचे घट्टे असणार होते. कायदा सर्वांना सारखा असे म्हणतात, पण हे कलम सूटबूटवाल्याला क्वचितच आठवत असेल.

तरीही अधिकाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती मी नाकारीत नाही. जुलै २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर एकाच तपासणीत शंभराहून अधिक परकीयांना परत पाठवले गेले. महिनाभर राहणार असे सांगणाऱ्या काहींजवळ केवळ ५०० रिंगिट होते, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे दहा हजार रुपये. हॉटेलची आरक्षणेही संशयास्पद निघाली. अशा लोकांतले पुष्कळ कामाच्या शोधात आलेले असतात आणि त्यांच्या मागे दलाल असतात. त्याहून वाईट प्रकार म्यानमारच्या सरहद्दीवर घडला. नोकरीच्या आमिषाने थायलंडला नेलेली आपली तरुण मुले तेथून म्यानमारमधील म्यावडी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारला वायुसेनेच्या विमानांतून पाचशेहून अधिक जणांना परत आणावे लागले. इराणने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला दिलेली व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. भारतीयांना नोकरीच्या थापा देऊन तेथे नेऊन पळवण्याचे प्रकार घडले, हे त्याचे कारण. तेव्हा खिडकीतला माणूस तरुण एकट्या प्रवाशाला चार प्रश्न जास्त विचारतो, ते दर वेळी आकसाने नसते. कधी त्या प्रश्नांनी एखादा पोरगा वाचतही असेल.

आमच्या मामाचे काय झाले, ते या संदर्भात सांगणे भाग आहे. तालुक्याच्या एका एजंटाने त्याच्याकडून एक लाख वीस हजार रुपये घेतले. त्यासाठी मामीच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. कारखान्यात पॅकिंगचे काम, महिना साठ हजार पगार, असे ठरले होते. "तिथं फक्त टूरिस्ट म्हणायचं, बाकी आमचा माणूस बाहेर उभा हाय," असे एजंटाने पढवले होते. खिडकीपाशी अधिकाऱ्याने विचारले, कोठे राहणार? मामाने हॉटेलचा कागद दिला. अधिकाऱ्याने हॉटेलला फोन लावला, तर ते आरक्षण केल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झालेले. परतीच्या तिकिटाचा क्रमांक विमान कंपनीकडे नव्हताच. काय काय पाहणार, या प्रश्नाला मामाला एकाही ठिकाणाचे नाव सांगता आले नाही. शेवटी पिशवीत दहावीचे प्रमाणपत्र आणि बायोडाटा सापडला. सहलीला निघालेला माणूस दहावीचे प्रमाणपत्र कशाला नेईल?

मामा आजही म्हणतो, "मी खोटं बोललो न्हाई, त्यानं सांगितलं तेवढंच बोललो." मला मामाची कीव येते, पण त्याचे म्हणणे पटत नाही. नोकरीसाठी जायचे तर नोकरीच्याच वाटेने जावे लागते. सहलीच्या दारातून नोकरीला जाणाऱ्याला अधिकाऱ्याने अडवले, तर त्याला बोल लावता येत नाही. बोल लावायचा तो एजंटाला, आणि तो आता गाळा बंद करून गेला आहे.

मामाच्या बाबतीत गावात "डिपोर्ट केले" असा शब्द पसरला. तो चुकीचा आहे. देशात शिरल्यानंतर कायदेशीर कारवाई होऊन हाकलले जाणे म्हणजे डिपोर्ट होणे. मामा शिरलाच नव्हता. त्याला प्रवेश नाकारला गेला. मलेशियात अशा प्रसंगी "नॉट टू लँड" अशी नोटीस देतात, म्हणजे उतरू देऊ नये. अशा माणसाला परत नेण्याची जबाबदारी ज्या विमान कंपनीने आणले तिच्यावर असते. १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात यासंबंधीचे नियम आहेत. म्हणूनच मुंबईच्या विमानतळावर सामान देतानाच कंपनीची माणसे परतीचे तिकीट मागतात. त्यांना आपला कळवळा नसतो, परत आणण्याच्या खर्चाची आणि दंडाची धास्ती असते. दोन्ही शब्दांतला फरक पुढेही उपयोगी पडतो. दुसऱ्या एखाद्या देशाच्या व्हिसाच्या अर्जात "पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता काय?" असा प्रश्न येतो. तेथे खरे तेच लिहावे लागते, आणि कारण लिहिलेला कागद जवळ असला तर खुलासा करता येतो. मामाने तो कागद रागाने फाडून टाकला होता.

आता आई-अण्णांची तयारी. त्यात पहिली अडचण निघाली ती मलेशियाच्या नव्हे, आपल्याच दारातली. अण्णा सातवी शिकलेले, आई चौथी. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर "इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड" असा शिक्का असतो, असे मी आधी समजत होते. प्रत्यक्षात तो शब्द इमिग्रेशन नसून एमिग्रेशन आहे, म्हणजे देशाबाहेर जाणे. एका अक्षराने अर्थ उलटा होतो! १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने ही तपासणी आली. कमी शिकलेल्या मजुरांची परदेशात फसवणूक होऊ नये, हा तिचा हेतू. अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या अशा माणसाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी लागते. त्या अठरांत आखाती देशांबरोबर मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत. भेटीसाठी जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. पण हा शिक्का पाहून आपलाच अधिकारी आधी परतीचे तिकीट आणि जाण्याचे कारण विचारतो. वय पन्नासच्या पुढे गेले की या शिक्क्यातून सुटका होते. अण्णांना दोन वर्षे कमी होती. "म्हातारा झालो की शिकलेला हुतो व्हय?" असे म्हणून ते हसले.

म्हणून मी एक साधी फाइल केली. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिन्यांहून अधिक आहे ना, हे पाहिले. पासपोर्ट फाटका, भिजलेला असला तरीही अडवतात. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. तेलाच्या समईपासून तो हलवला. परतीचे तिकीट अठ्ठाविसाव्या दिवसाचे काढले. तीस दिवसांची सवलत आहे म्हणून तिसाव्या दिवसाचे काढणे म्हणजे विमान रद्द झाले की मुदत ओलांडण्याला आमंत्रण. हॉटेल नव्हतेच, तेव्हा दाजींकडून निमंत्रणाचे पत्र मागवले. सोबत त्यांच्या पासपोर्टची व नोकरीच्या पासची प्रत, घराचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ताईच्या मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत घेतली. थोडे रिंगिट रोख आणि अण्णांच्या बँकेचे उताऱ्याचे कागद. शेवटी सातबाराची प्रतही घातली. दाजी म्हणाले, तिथे सातबारा कोण वाचणार? मी म्हटले, वाचू नये कोणी, पण घरी शेत आहे, रब्बी उभी आहे, माणूस परत जाणार आहे, हे सांगायला दुसरे आमच्याजवळ काय आहे? ज्याला नोकरी आहे त्याने रजेचे पत्र न्यावे, विद्यार्थ्याने महाविद्यालयाचे.

मलेशियात जाणाऱ्याला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एक डिजिटल आगमनपत्रक भरावे लागते. हा नियम जानेवारी २०२४ पासून लागू झाला. थायलंडनेही १ मे २०२५ पासून असेच पत्रक सुरू केले. दोन्ही मोफत आहेत. सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या खाजगी जागा त्याचे पैसे घेतात, त्यांपासून सावध राहावे. पत्रक भरताना माझ्याकडूनच अण्णांच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. रात्री पुन्हा ताडून पाहिले म्हणून लक्षात आली आणि नव्याने भरले. कागद, पत्रक आणि तोंड या तिन्ही ठिकाणी एकच तारीख, एकच पत्ता, एकच कारण असावे, हे यातले मुख्य सूत्र आहे. अधिकारी विसंगती शोधत असतो. आणि नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहावे. मी लिहिते आहे म्हणूनही विसंबू नये.

आईच्या डिंकाच्या लाडवांची कथा थोडी विषयाबाहेरची आहे, पण सांगते. बाळंतिणीसाठी तिने लाडू केले आणि त्यांत खसखस घातली. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. आमचे विमान तिकडून जाणार नव्हते, तरी विषाची परीक्षा कोण घेणार? दोन किलो लाडू शेजारी वाटून आईने पुन्हा बिनखसखशीचे केले. गल्लीतली पोरे मात्र खूष झाली.

खरी मेहनत पडली ती प्रश्नोत्तरांना. रोज रात्री जेवणे झाल्यावर धाकटा भाऊ सोप्यात पाट उभा करून त्याच्यामागे अधिकारी होऊन बसायचा. कोण, कोठून, कोणाकडे, किती दिवस, पैसे किती, परत कधी? आई पहिल्या दिवसापासून उत्तम. अण्णांचे एक वेगळेच निघाले. समोरच्याचा मान राखायचा म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलवून "येस, येस" म्हणत. भावाने विचारले, "यू कम फॉर वर्क?" अण्णा म्हणाले, "येस." त्यांना वाटले, तुम्ही काम करता का, असे विचारले. शेतकरी माणूस काम करत नाही असे कसे सांगणार? माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या एका शब्दावर सारी फाइल फुकट गेली असती. मग असे ठरले की, कळले नाही तर मान डोलवायची नाही. "नो इंग्लिश, मराठी, हिंदी" एवढे म्हणायचे आणि दुभाषा मागायचा. आणि कामाचा शब्द ऐकू आला की, "नो वर्क. फार्मर इंडिया. डॉटर बेबी." हे तीन तुकडे अण्णांनी अभंगासारखे पाठ केले. यात पढवलेले खोटे काही नव्हते. खरे तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडावे, एवढ्यासाठी हा सराव.

आतल्या खोलीत नेलेच तर काय करायचे, हेही आम्ही बोलून ठेवले. आवाज चढवायचा नाही, रडायचे नाही (हे आईला), पैसे पुढे करायचे नाहीत. तो विचार नुसता मनात आला तरी घात आहे. दाजींना फोन लावू द्यावा अशी विनंती करायची. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अडकवून ठेवलेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. पण आपली वकिलात त्या अधिकाऱ्याचा निर्णय फिरवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. परत पाठवलेच तर कारणाचा कागद मागून घ्यायचा, आणि फाडायचा नाही.

ते गेले त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही. मामाही येऊन बसला होता. पहाटे ताईचा फोन आला. खिडकीपाशी आईला काहीच विचारले नाही. अण्णांना विचारले, "हाऊ मेनी डेज?" अण्णांनी शांतपणे सांगितले, "नो वर्क. फार्मर इंडिया. डॉटर बेबी." अधिकारीण बाई क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी फाइलमधला जन्मदाखला पाहिला, हसल्या आणि शिक्का मारला.

मामाने हे ऐकून चहाचा कप खाली ठेवला. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन विचारले, "पोरी, नोकरीला जायचा खरा रस्ता कुठनं हाय?" ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे. असा एजंट कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. मी ते वहीच्या पानावर लिहून दिले. मामाने "तीस हजार" या शब्दांवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत.